मंगळाच्या महादरीत रोव्हर: अडचण खोलीची नाही, शेवटच्या घसाऱ्याची आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे: "व्हॅलेस मरिनेरिस ही मंगळावरची अवाढव्य दरी. आजवर इतके रोव्हर गेले, पण तिथे एकही का उतरला नाही? काठावर उतरून दोरानं खाली जाता येणार नाही का? आणि इतक्या खोलातून सिग्नल बाहेर येईल का?" विचारणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे, सुट्टीत सह्याद्रीत ट्रेक करतो आणि कॉलेजच्या रोव्हर टीममध्ये आहे. हे बरंच झालं. घसारा, म्हणजे कड्याखालचा पायाखाली सरकणारा सैल दगड-मातीचा उतार, त्याला समजावून सांगावा लागणार नाही.

मी स्वतः बरीच वर्षं रोव्हरची चाकं, सस्पेन्शन आणि उतारावरच्या चाचण्या यांत घालवली आहेत. त्यामुळे उत्तर त्या बाजूला झुकलेलं असेल. भूशास्त्रज्ञ याच प्रश्नाचं उत्तर वेगळ्या ठिकाणाहून सुरू करेल.

आधी आकार डोळ्यांसमोर आणू. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये मरिनर ९ मंगळाभोवती फिरू लागलं तेव्हा सगळा ग्रह धुळीच्या वादळात झाकलेला होता. वादळ निवळलं आणि फोटोंत ही दरी दिसली. नावही त्या यानावरूनच पडलं. लांबी ४,००० किलोमीटरच्या वर, म्हणजे श्रीनगर ते कन्याकुमारी रस्त्यानं जेवढं अंतर होतं त्याहूनही जास्त. खोली ठिकठिकाणी ७ किलोमीटर. अमेरिकेतली ग्रँड कॅन्यन साधारण ४४६ किलोमीटर लांब आणि जेमतेम १.६ किलोमीटर खोल आहे. शिवाय ती नदीनं कापलेली दरी, आणि ही मुळात कवच ताणून फाटल्यामुळे झालेली. पश्चिमेला थार्सिसचा प्रचंड ज्वालामुखी उंचवटा वर आला, त्या ताणानं जमीन भेगाळून खचली, मग दरडी कोसळून आणि काही भागांत पाण्यानं ती रुंद होत गेली. ही एकच सलग दरीही नाही. आयस, टिथोनियम, मेलास, कँडर, ओफिर, कोप्रेट्स अशा अनेक दऱ्या एकमेकींत मिसळल्या आहेत.

आता प्रश्नातली "काठावर उतरून खाली" ही कल्पना. ट्रेकरच्या मनात ती येणं साहजिक आहे, कारण आपण नेहमी माथ्यावरूनच दरीत डोकावतो. मंगळावर मात्र काठावर उतरणं हे तळावर उतरण्यापेक्षा अवघड आहे. मंगळाची हवा इतकी विरळ आहे की पॅराशूटला पुरेसा ब्रेक लावायला उंची लागते, म्हणजे वरून खाली येताना हवेचा जेवढा जाड थर मिळेल तेवढा हवा असतो. क्युरिऑसिटी रोव्हरसाठी जागा निवडताना अट होती की ती मंगळाच्या शून्य पातळीपासून (समुद्रसपाटीऐवजी मानलेल्या सरासरी पातळीपासून) किमान १ किलोमीटर खाली असावी. नंतरच्या पर्सिव्हरन्स रोव्हरच्या वेळी ही अट अर्ध्या किलोमीटरवर आली. मेलासच्या आसपासचं पठार शून्य पातळीच्या तीन-चार किलोमीटर वर आहे. तिथे एक टनाचा रोव्हर आजच्या पद्धतीनं उतरतच नाही. याउलट दरीचा तळ शून्याच्या चार-पाच किलोमीटर खाली आहे. पॅराशूटच्या दृष्टीनं ही चैनच. क्युरिऑसिटी जिथे उतरला ते गेल विवरही शून्य पातळीच्या साडेचार किलोमीटर खाली आहे. म्हणजे खोली इथे आपल्या बाजूनं आहे.

मग आजवर कोणी गेलं का नाही? पहिलं कारण नेम. व्हायकिंग यानं १९७६ मध्ये उतरली तेव्हा ती नक्की कुठे टेकतील याची अनिश्चितता २८० बाय १०० किलोमीटरच्या लंबवर्तुळाएवढी होती. एवढ्या मोठ्या लंबवर्तुळाचा काही भाग भिंतीवर, काही दरडींच्या ढिगाऱ्यावर पडणारच. पुढे नेम सुधारत गेला. क्युरिऑसिटीचं लंबवर्तुळ २० बाय ७ किलोमीटरचं होतं, पर्सिव्हरन्सचं आणखी लहान, ७.७ बाय ६.६. शिवाय पर्सिव्हरन्सनं पॅराशूटवर लटकलेलं असतानाच खालचे फोटो काढले, ते स्वतःजवळच्या नकाशाशी ताडून आपण कुठे आहोत ते ठरवलं आणि त्यातल्या त्यात बरी जागा निवडली. स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी हे रोव्हर २००४ मध्ये उतरले तेव्हा हे तंत्र नव्हतं.

दुसरं कारण वारा, आणि हे कमी लोकांना माहीत असतं. स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटीच्या वेळी मेलासचा तळ उमेदवार जागांच्या यादीत चांगला वरपर्यंत टिकला होता. नंतर दरीतल्या वाऱ्यांची गणितं मांडली गेली. दुपारी भिंती तापल्या की वारा उताराला धरून वर चढतो, रात्री थंड होऊन खाली कोसळतो, आणि एवढ्या उंच भिंती असतील तर हे वारे जोरदार असतात. ते दोन्ही रोव्हर एअरबॅगमध्ये गुंडाळून उसळ्या मारत उतरणार होते. आडवा वेग जास्त झाला तर पिशव्या दगडांवर फाटण्याचा धोका. मेलास यादीतून गेलं. मला हा निर्णय तेव्हाही बरोबर वाटला होता आणि आजही वाटतो. स्काय क्रेनसारखी, म्हणजे रॉकेटवर तरंगणाऱ्या यंत्रातून रोव्हर दोरांनी खाली सोडण्याची, पद्धत आल्यावर तो धोका बराच कमी झालाय, पण शून्य नाही.

तर समजा नेम साधला, वाराही पचला, आणि रोव्हर मेलासच्या तळावर उभा आहे. त्याला काय दिसेल? बहुतेकांना वाटतं की दोन्ही बाजूंना गगनाला भिडलेल्या भिंती. साधा हिशेब करून बघा. मंगळाची त्रिज्या सुमारे ३,३९० किलोमीटर. शंभर किलोमीटरवरची भिंत पाहताना ग्रहाच्या वक्रतेमुळे तिचा खालचा जवळपास दीड किलोमीटर क्षितिजाखाली जातो. ७ किलोमीटरच्या भिंतीतला उरलेला भाग क्षितिजाच्या वर तीन-सव्वातीन अंश एवढाच दिसतो. हात लांब करून धरलेल्या दोन बोटांच्या जाडीएवढा, तोही हवेतल्या धुळीनं फिकट झालेला. दरीच्या रुंद भागात मधोमध उभं राहिलात तर आपण दरीत आहोत हेही चटकन कळणार नाही.

सिग्नलच्या प्रश्नाचं उत्तर याच हिशेबात आहे. रोव्हर आपला बहुतेक डेटा थेट पृथ्वीला पाठवत नाही. वरून जाणाऱ्या यानांना यूएचएफ रेडिओलहरींवरून देतो आणि ती पुढे पाठवतात. यान क्षितिजाच्या अगदी जवळ असतानाचा वेळ तसाही फारसा कामाचा नसतो. भिंतीपासून ४० किलोमीटर दूर असाल तर भिंतीचा माथा साधारण दहा अंशांवर येतो, म्हणजे नुकसान नगण्य. १० किलोमीटरवर आलात तर तो ३५ अंशांवर जातो आणि त्या बाजूचं आकाश खरोखर जातं. तरीही डोक्यावरून होणाऱ्या फेऱ्या उरतात. डेटा कमी मिळेल, पण संपर्क तुटणार नाही. उजेडाचीही तीच गत. दरी विषुववृत्ताजवळ पूर्व-पश्चिम पसरलेली असल्यामुळे सूर्य जवळपास दरीच्या लांबीवरूनच फिरतो. आणि मोठे रोव्हर प्लुटोनियमच्या उष्णतेवर वीज बनवतात, त्यांना सावलीचं फारसं काही नाही.

आता खरी अडचण. शास्त्रज्ञांना जे हवं आहे ते भिंतीत आहे. व्हॅलेस मरिनेरिसच्या भिंतींत कातळाचे थरावर थर दिसतात, आणि त्यातले बरेचसे लाव्ह्याच्या एकावर एक पसरलेल्या प्रवाहांचे असावेत असं मानलं जातं. आपल्या सह्याद्रीचे कडेही असेच बेसॉल्टच्या प्रवाहांचे थर आहेत. त्यामुळे महाराष्ट्रातल्या माणसाला ते फोटो बघताना ओळखीचं काहीतरी दिसतं, आणि ते दिसणं भूशास्त्रीयदृष्ट्या चुकीचं नाही. तळापासून माथ्यापर्यंत थर तपासत जाणं म्हणजे मंगळाच्या इतिहासाचा मोठा तुकडा क्रमानं वाचणं. पण या भिंती सरळसोट नाहीत. बऱ्याच ठिकाणी वर कातळाच्या सोंडा आणि नाळी, आणि खाली तीसेक अंशांचा घसारा. तीस अंशांच्या उतारावर ७ किलोमीटर चढायचं तर उतारावरून १४ किलोमीटर जावं लागेल. क्युरिऑसिटीनं तेरा वर्षांत साधारण ३५ किलोमीटर केले, आणि तेही बहुतांश बऱ्या जमिनीवर.

उतारावर रोव्हर उलटेल अशी लोकांना भीती असते. सहसा तो उलटत नाही. क्युरिऑसिटीचं शरीर ४५ अंशांच्या कलाला उलटणार नाही असं बनवलेलं आहे, चालवताना मर्यादा तीसच्या आसपास ठेवतात. २०२० च्या मार्चमध्ये ग्रीनह्यू नावाच्या पठारावर चढताना तो ३१ अंश कलला होता. नडते ती घसरण. सर्वांत बोलकं उदाहरण ऑपर्च्युनिटीचं आहे. २०१६ च्या मार्चमध्ये मॅरेथॉन व्हॅलीत एका दगडापर्यंत पोचण्यासाठी त्याला ३२ अंशांच्या उतारावर चढवलं. चाकं इतकी फिरली की घसरण नसती तर रोव्हर २० मीटर पुढे गेला असता. प्रत्यक्षात तो ९ सेंटिमीटर सरकला. टीमनं तो दगड सोडून दिला.

प्रयोगशाळेत हे अगदी जवळून दिसतं. वाळूचा वाफा तिरका करायचा, चाक लावायचं आणि बघत राहायचं. दहा-बारा अंशांपर्यंत चाक निमूट चढतं, फक्त मागे थोडी वाळू ढकलतं. पुढे कोन वाढवला की चाकाच्या मागे ढीग होतो आणि चाक त्या ढिगाच्या जागी बसतं, म्हणजे खाली जातं. खाली गेलं की समोर वाळूची छोटी भिंत तयार होते, ती ढकलायला जास्त जोर लागतो, त्या जोरानं चाक अजून घसरतं. वीस अंशांवर सैल वाळूत बहुतेक वेळा ते जागच्या जागी खड्डा खणत बसतं. मोटरचा करंट वाढताना स्क्रीनवर दिसत असतो आणि रोव्हर तिथेच. त्याच कोनाच्या खडबडीत कातळावर तेच चाक काही झालं नाही अशा थाटात चढून जातं. म्हणून आम्ही उताराचा कोन विचारण्याआधी तो कशाचा आहे हे विचारतो.

यात एक मेख आहे. मंगळावरचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के. म्हणून चाचणीचा रोव्हर हलका बनवतात; नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेचा स्केअरक्रो नावाचा रोव्हर असाच आहे, त्याचं इथलं वजन क्युरिऑसिटीच्या तिथल्या वजनाशी जुळतं. पण वाळूचे कण मात्र पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातच राहतात. ते एकमेकांवर इथे जेवढे दाबून बसतात तेवढे मंगळावर बसत नाहीत. त्यामुळे इथल्या चाचणीत तरलेला रोव्हर तिथे रुतू शकतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये क्युरिऑसिटी हिडन व्हॅली नावाच्या वाळूच्या दरीत शिरला आणि अपेक्षेपेक्षा जास्त घसरायला लागल्यावर त्याला मागे घेतलं. स्पिरिट तर २००९ मध्ये ट्रॉय नावाच्या जागी रुतला तो कायमचाच.

घसरण मोजायची कशी, हेही सांगतो, कारण रोव्हर टीमवाल्याला ते उपयोगी पडेल. चाकं किती फिरली यावरून अंतर काढलं तर रोव्हर फसतो. म्हणून तो थोडा पुढे जाऊन स्टिरिओ फोटो काढतो, आधीच्या फोटोतले ठळक दगड-कोपरे नव्या फोटोत शोधतो आणि आपण खरोखर किती सरकलो ते काढतो. ठरवलेल्या मर्यादेबाहेर घसरण गेली की थांबतो आणि उद्याची वाट बघतो. एकसारख्या वाळूत ठळक असं काही सापडतच नाही. क्युरिऑसिटीच्या चाकांवर त्यासाठी खास भोकं ठेवली आहेत. त्यांचा ठसा मागे नक्षीसारखा उमटतो आणि रोव्हर मागे बघून तो ठसा ओळखतो. ती नक्षी मोर्स कोडमध्ये जेपीएल अशी अक्षरं लिहिते. इंजिनिअर लोकांना अशी संधी मिळाली की सोडवत नाही.

मंगळावर रोव्हर भिंतींपर्यंत गेलेच नाहीत असं मात्र नाही. ऑपर्च्युनिटी २००४ मध्ये सुमारे १३० मीटर व्यासाच्या एंड्युरन्स विवरात उतरला, आणि २००७ मध्ये ७५० मीटरच्या व्हिक्टोरिया विवरात. दोन्ही वेळा उतरण्याची वाट कातळाची निवडली होती, कारण परत चढायचं होतं. व्हिक्टोरियातून २००८ च्या ऑगस्टमध्ये बाहेर पडायचं कारणही चाकच होतं. एका चाकाच्या मोटरचा करंट मध्येच उसळला, स्पिरिटचं चाक निकामी होण्याआधी असंच झालं होतं, आणि पाच चाकांनी चढ चढता येईल याची खात्री नव्हती. क्युरिऑसिटीला गेडिझ व्हॅलिस या दरीतल्या दगडगोट्यांच्या उंचवट्यापर्यंत पोचायला तीन फसलेल्या प्रयत्नांनंतर २०२३ चा ऑगस्ट उजाडला. पण तिथे पोचल्यावर मे २०२४ मध्ये त्याच्या चाकाखाली एक दगड फुटला आणि आत पिवळे शुद्ध गंधकाचे स्फटिक निघाले. तिथे गंधक सापडेल असं कोणाच्या यादीत नव्हतं. पर्सिव्हरन्सनं नेरेत्वा व्हॅलिस या जुन्या नदीच्या दरीत ठिपक्यांचा तो प्रसिद्ध चेयावा फॉल्स दगड (ज्यात जुन्या सूक्ष्मजीवांची खूण असू शकेल असा) शोधला, तोही २०२४ मध्येच. दरीत जाण्याची किंमत मोजणं परवडतं, ते या दोन दगडांसाठी.

आता दोर. कल्पना चांगली आहे आणि जुनीही. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा दांते २ हा आठ पायांचा यंत्रमानव अलास्कातल्या माउंट स्पर ज्वालामुखीच्या मुखात दोरानं उतरला, आतल्या वायूंची मोजमापं केली, आणि परत चढताना कोलमडला. हेलिकॉप्टरनं उचलावा लागला. मंगळावर उचलायला कोणी येणार नाही. पुढे जेपीएलनं अ‍ॅक्सेल बनवला: दोन मोठी चाकं, मध्ये दोराचं रीळ. असे दोन जोडले की ड्युअ‍ॅक्सेल. तो कड्यापाशी जातो, दोन तुकडे होतात, एक वर नांगर म्हणून बसतो आणि दुसरा दोरावर खाली उतरतो. वीज आणि डेटा त्याच दोरातून. मोहावेच्या वाळवंटात याची चाचणी झाली आहे. मला ही रचना मनापासून आवडते, पण ती काहीशे मीटरच्या कड्यासाठी आहे. सात किलोमीटरचा दोर वाहून नेणं सोडाच, बेसॉल्टच्या धारदार कडेवर तो घासत राहिला तर काय होतं हे रॅपलिंग केलेल्यांना सांगायला नको. तिथे आपण कडेखाली सॅक सरकवतो. यंत्राकडे तो हात नाही. वर म्हटल्याप्रमाणे, त्याला आधी माथ्यावर तरी पोचवलं पाहिजे.

माझं मत विचाराल तर भिंतीचं काम उडणाऱ्या यंत्रांनीच करावं. पर्सिव्हरन्सबरोबर गेलेल्या १.८ किलोच्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरनं १९ एप्रिल २०२१ पासून १८ जानेवारी २०२४ पर्यंत ७२ उड्डाणं केली. दरीच्या तळाची हवा, ढोबळ हिशेबानं, इंजेन्युइटी जिथे उडालं त्या जेझेरो विवरापेक्षा वीस-पंचवीस टक्के दाट असेल. पात्यांना तेवढी उचल फुकट. तीसेक किलोचं, सहा रोटरचं, स्वतःची उपकरणं घेऊन उडणारं हेलिकॉप्टर हा आराखडा कागदावर बराच पुढे गेला आहे. जर्मनीत व्हॅमेक्स नावाचा प्रकल्प नेमका याच दरीसाठी रोव्हर, उडती यंत्रं आणि चालणारे यंत्रमानव यांच्या टोळीचा विचार करतोय.

पण तिथेही उतार आडवा येतोच. इंजेन्युइटीचं दिशादर्शन खालची जमीन सपाट आहे असं धरून बनवलेलं होतं. जुलै २०२१ मधल्या नवव्या उड्डाणात ते जेझेरोतल्या सेइता नावाच्या भागाच्या खड्ड्या-टेकड्यांवरून ६२५ मीटर उडालं, तेव्हा वेग कमी करणं आणि आकडेमोडीत आधीच दुरुस्ती घालणं भाग पडलं. आणि शेवटच्या उड्डाणात त्याला नडली ती खाली पसरलेली, ओळखीची खूण नसलेली वाळू. रोव्हरला घसरण मोजताना जे दुखणं आहे तेच. तीस अंशांच्या भिंतीला धरून, वर चढणाऱ्या वाऱ्यात उडणारं आणि तिथल्याच एखाद्या टप्प्यावर टेकणारं यंत्र अजून कोणी मंगळावर दाखवलेलं नाही.

अजून एक अडसर, जो यंत्राचा नाही. कोप्रेट्स आणि मेलासच्या उतारांवर ऋतूनुसार काळपट रेघा उमटतात. त्या पाण्याच्या असाव्यात असं एके काळी वाटत होतं, आता बरेच जण त्यांना कोरड्या वाळूच्या घसरणी मानतात. तरी शंका आहे तोवर अशा जागांजवळ जायचं तर पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव तिकडे जाऊ नयेत म्हणून निर्जंतुकीकरणाचे नियम फार कडक होतात, आणि खर्चही. २०२१ मध्ये मंगळाभोवती फिरणाऱ्या युरोपच्या टीजीओ यानानं कँडरच्या जमिनीत हायड्रोजनचं, म्हणजे बहुधा पाण्याचं, मोठं प्रमाण नोंदवल्यावर तर या दरीकडे दोन्ही अर्थांनी लक्ष वाढलं: जावंसं वाटतं, आणि जपूनही जावं लागतं.

मला जागा निवडायला सांगितली तर मी नैर्ऋत्य मेलासमधलं छोटं खोरं घेईन. तिथे जुन्या तळ्याच्या खुणा आहेत, पाण्याखाली पसरलेले असावेत असे गाळाचे पंखे आहेत, सल्फेट आणि ओपलसारखी सिलिका कक्षेतून दिसली आहे. पर्सिव्हरन्ससाठीच्या जागांच्या स्पर्धेत २०१५ मध्ये उरलेल्या आठ जागांतही ते होतं. रोव्हरनं तळावरचा गाळ तपासावा, हेलिकॉप्टरनं भिंतीवरून फोटो आणि वर्णपट आणावेत, आणि रोव्हरला घसाऱ्याच्या पायथ्याशी थांबवावं. दरडीतून वरचे दगड खाली आलेले असतातच. ते कोणत्या थरातले हे हेलिकॉप्टरच्या फोटोंवरून जुळवता येतं. चढण्याचा हट्ट कशाला?

तुमच्या टीमसाठी एवढंच सुचवतो. मंगळाभोवती फिरणाऱ्या हायराईज कॅमेऱ्यानं काढलेले व्हॅलेस मरिनेरिसचे फोटो मोफत मिळतात, एका पिक्सेलमध्ये २५-३० सेंटिमीटर दिसतं. आपल्या मंगळयानानंही ओफिरचे फोटो २०१५ मध्ये काढले आहेत. पायथ्याच्या घसाऱ्याचा एक तुकडा निवडा आणि त्यावरून रोव्हरची वाट आखून बघा. मग रोव्हर कॉलेजच्या मैदानाऐवजी एखाद्या मुरमाड उतारावर न्या. चाकांच्या फेऱ्यांवरून काढलेलं अंतर आणि टेपनं मोजलेलं अंतर यांचा फरक दर दोन अंशांना लिहून ठेवा, कोरड्या मुरमावर वेगळा, भिजलेल्यावर वेगळा. अमेरिकेत युटामध्ये होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या रोव्हर स्पर्धेत येणाऱ्या टीमना मी हा तक्ता मागतो तेव्हा बहुतेकांकडे तो नसतो.